कळसूबाईएवढाच डोंगर, पण पायथ्याला बारीसारखं गाव नाही : न्यूयॉर्कच्या सरकारी जंगलात रात्र काढायची म्हणजे काय?

मे महिना सरत आला, मेमोरियल डेची जोडून सुट्टी दिसायला लागली, की आमच्या न्यूजर्सीतल्या मराठी ग्रुपवर एक प्रश्न हमखास पडतो. "वर न्यूयॉर्कच्या जंगलात म्हणे फुकट तंबू ठोकता येतो. बुकिंग कुठे करायचं?" मग उत्तरांची रांग लागते. कुणी म्हणतं परवाना लागतो, कुणी म्हणतं काहीच लागत नाही, कुणी अस्वलाचा व्हिडिओ टाकतं, आणि बेत तिथेच बारगळतो.

बुकिंग नाही, ही गोष्ट खरी. फुकट आहे, हेही खरं. पण तेवढ्यावरून "म्हणजे कसंही राहा" असा अर्थ काढला तर फसगत होते. कधी आपली, बहुतेक वेळा जंगलाची. गेली काही वर्षं मी या जंगलांत मुक्काम करते आहे. तिथल्या नियमांची यादी कुठेही मिळते. नियमामागचं कारण मात्र क्वचितच कुणी सांगतं, आणि कारण कळलं नाही की नियम जाचक वाटतो. म्हणून हा लेख.

कळसूबाई सतरा मीटरनं उंच, तरीही

न्यूयॉर्क राज्यातलं सर्वांत उंच शिखर म्हणजे माउंट मार्सी. उंची १,६२९ मीटर. कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे आपली कळसूबाई सतरा मीटरनं उंचच. हे आकडे ऐकले की सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला वाटतं, हे आपल्या हातचं आहे. पायांपुरतं बोलायचं तर ते बरोबरही आहे.

फरक दुसरीकडे आहे. कळसूबाई विषुववृत्तापासून साडेएकोणीस अंशांवर, मार्सी चव्वेचाळीस अंशांवर. त्यामुळे मार्सीच्या माथ्यावर झाड उभंच राहत नाही. खडक, शेवाळ आणि बोटभर उंचीची ध्रुवप्रदेशातल्यासारखी झुडपं, एवढंच. वरच्या वाटांवर मे महिन्यातही बर्फ असतो.

दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कळसूबाईच्या पायथ्याला बारी आहे. रात्री उशिरा पोचलात तरी कुणाच्या तरी ओसरीवर पथारी पडते, पिठलं-भाकरी मिळते, पाऊस आला तर घरात घेतात. माथ्यावर देऊळ आहे, कड्याला लोखंडी शिड्या आहेत. सह्याद्रीत आपण "काहीही सोय नाही" म्हणतो तेव्हासुद्धा हाकेच्या अंतरावर माणूस असतो. मार्सीची नेहमीची वाट जिथून सुरू होते तिथून माथा साधारण बारा किलोमीटर. मधे एक घर नाही, टपरी नाही, फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नाही. तुम्ही पाठीवर जे नेलं तेवढंच तुमच्याजवळ.

याला इथे प्रिमिटिव्ह कॅम्पिंग म्हणतात. मी त्याला बिनसोयीचा मुक्काम म्हणेन. नळ नाही, वीज नाही, शॉवर नाही, कचऱ्याचा डबा नाही, चौकीदार नाही. फार तर एखाद्या ठिकाणी दगडांचं चुलाण आणि खड्ड्याचा संडास. राज्य सरकारची सगळ्या सोयींची कॅम्पग्राउंडंही आहेत. तिथे पैसे भरून जागा राखून ठेवता येते. ती वेगळी. ग्रुपवर दोन्हींची सरमिसळ होते आणि निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

जमीन कोणाची, आणि फुकट का?

आपल्याला देवराई माहीत आहे. देवाच्या नावानं राखलेलं रान, तिथली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. न्यूयॉर्कनं हीच गोष्ट देवाऐवजी राज्यघटनेच्या नावानं केली.

एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडच्या अ‍ॅडिरॉन्डॅक आणि दक्षिणेकडच्या कॅट्सकिल या डोंगरांतली झाडं बेसुमार तुटत होती. लोकांना काळजी झाडांपेक्षा पाण्याची होती. डोंगर बोडके झाले तर हडसन नदी आणि एरी कालवा आटेल आणि मालवाहतूक बंद पडेल, ही धास्ती व्यापाऱ्यांनाही होती. त्यातून १८८५ साली कायदा झाला की या भागातली राज्याची जमीन कायम रानच राहील. कायदे बदलता येतात, म्हणून १८९४ साली हेच कलम थेट राज्यघटनेत घातलं गेलं : ही जमीन विकायची नाही, भाड्यानं द्यायची नाही, तिच्यावरचं लाकूड विकायचं, हलवायचं किंवा नष्ट करायचं नाही. हे कलम बदलायचं तर एकामागून एक निवडून आलेल्या दोन विधिमंडळांनी ठराव मंजूर करायचा आणि मग राज्यभर मतदान घ्यायचं. सव्वाशेहून जास्त वर्षं ते टिकून आहे.

१८९२ साली अ‍ॅडिरॉन्डॅक पार्कची हद्द नकाशावर निळ्या शाईनं आखली, म्हणून तिला आजही ब्लू लाइन म्हणतात. त्या निळ्या रेघेच्या आत सुमारे साठ लाख एकर जमीन येते. सहा गोवे आत बसतील आणि वर जागा उरेल. पण ही सगळी जमीन सरकारी नाही. निम्म्याहून थोडी कमी राज्याची, बाकीची खाजगी. आत गावं आहेत, शाळा आहेत, लाकडाच्या कंपन्या आहेत. त्यामुळे "पार्कात आहे म्हणजे चालेल" असं समजून कुणाच्या मालकीच्या झाडीत तंबू ठोकलात तर ती सरळ घुसखोरी ठरते. नकाशावर राज्याची जमीन कुठली ते आधी बघून ठेवायचं.

राज्याच्या त्या जमिनीवर कोणीही, कुठल्याही देशाचा पासपोर्ट असलेला माणूस, रात्र काढू शकतो. एच-१बीवर आलेल्यांना हे अनेकदा खरंच वाटत नाही. कार्ड मागायला तिथे कुणी बसलेलंच नाही. लहान गट आणि एका जागी तीन रात्रींपर्यंतचा मुक्काम असेल तर कुणालाही विचारावं लागत नाही. दहा किंवा जास्त माणसं असतील, किंवा एकाच जागी तीन रात्रींहून जास्त राहायचं असेल, तर त्या भागाच्या फॉरेस्ट रेंजरकडून परवाना घ्यायचा.

तीनच रात्री का? अंगणात वीट पडून राहिली तर चार दिवसांनी उचलल्यावर खालचं गवत पिवळं पडलेलं असतं. एका रात्रीनंतर उचलली तर गवत पुन्हा उभं राहतं. तंबूचं तसंच आहे. फक्त इथल्या डोंगरात गवत वाढायला वर्षातले मोजके महिने मिळतात, त्यामुळे दुरुस्तीला वर्षं लागतात.

दीडशे फुटांचं गणित

या जंगलातला सगळ्यांत मोठा नियम एका अंतराचा आहे. रस्ता, पायवाट, झरा, ओढा, तळं, यांपैकी कशाच्याही दीडशे फुटांच्या आत तंबू लावायचा नाही. अपवाद एकच : जिथे झाडावर तंबूचं चित्र असलेली पिवळी चकती ठोकलेली आहे, ती जागा.

दीडशे फूट म्हणजे क्रिकेटच्या सव्वादोन खेळपट्ट्या. मी पावलं मोजते. माझी पासष्टच्या आसपास होतात.

आपल्याला वाटतं, ओढ्याकाठी झोपण्यासारखं सुख नाही. खरंच नाही. पण माणूस जिथे राहतो तिथे तो खरकटं धुतो, दात घासतो, रात्री चार पावलांवर जाऊन येतो. पाऊस ते सगळं उतारावरून घेऊन जातो. मधे दीडशे फूट माती असली तर ती गाळणीचं काम करते. पाणी मुरतं, मातीतले जीव घाण खातात, ओढ्यात पोचतं ते बरंचसं स्वच्छ. काठावर राहिलो तर मधे गाळणीच नाही. साबण "निसर्गस्नेही" असला तरी तो मातीतच जिरायला हवा, ओढ्यात नाही. भांडी घासायची असली तर पाणी भरून घ्यायचं आणि लांब जाऊन घासायची.

हे पाणी पुढे कुठे जातं तेही सांगते. न्यूयॉर्क शहराच्या नळांना येणारं बहुतांश पाणी कॅट्सकिल आणि डेलावेअरच्या पाणलोटांतून येतं, आणि ते गाळण प्रकल्पातून न जाता, निर्जंतुक करून शहरात सोडतात. एवढ्या मोठ्या शहरासाठी ही दुर्मीळ गोष्ट आहे. तिथली गाळणी म्हणजे डोंगरावरची माती. क्वीन्समध्ये कुकर लावणाऱ्या मावशीचा आणि कॅट्सकिलच्या ओढ्याकाठच्या आपल्या तंबूचा संबंध एवढा थेट आहे.

आपण स्वतः मात्र ओढ्याचं पाणी तसंच प्यायचं नाही, कितीही नितळ दिसलं तरी. बीव्हर आणि इतर जनावरांच्या विष्ठेतून येणारा जिआर्डिया नावाचा सूक्ष्म जंतू आठवडे-आठवडे पोट बिघडवून ठेवतो. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळलं की काम होतं.

नवख्यांनी झाडीत घुसून स्वतः जागा शोधण्यापेक्षा पिवळ्या चकतीचीच जागा धरावी. या आखीव जागांची व्याख्यासुद्धा ठरलेली आहे : जास्तीत जास्त तीन तंबू, आठ माणसं. आपण चार कुटुंबं निघतो, म्हणजे चौदा-पंधरा डोकी. हाय पीक्स म्हणजे मार्सीच्या आसपासच्या उंच शिखरांच्या भागात रात्रीच्या गटाला आठचीच मर्यादा आहे. पंधरा जणांनी "आम्ही दोन गट आहोत" म्हणत शेजारी-शेजारी तंबू लावणं ही पळवाट झाली, आणि मला ती मनापासून खटकते. मोठा गट असेल तर मोठ्या गटाला परवाना मिळेल असा दुसरा भाग निवडावा, त्यात काही कमीपणा नाही.

काही ठिकाणी लीन-टू असतात. ओंडक्यांची, तीन भिंतींची, समोरून उघडी पडवी. आधी येईल त्याची, पण एकट्याची कधीच नाही. जागा आहे तोवर येणाऱ्याला आत घ्यायचं. भिजून आलेला अनोळखी माणूस रात्री दहाला आला तरी सरकून बसायचं. आत तंबू लावायचा नाही, कारण त्यानं चौघांची जागा अडते.

आडोशाला जाणं

हा विषय ग्रुपवर कुणी काढत नाही, आणि बायका तर याच एका गोष्टीमुळे येत नाहीत. म्हणून मोकळेपणानं लिहिते.

खड्ड्याचा संडास असेल तर तोच वापरायचा. नसेल तर पाणी, वाट आणि मुक्कामापासून दीडशे फूट लांब जायचं, खुरप्यानं सहा ते आठ इंच खोल खड्डा करायचा, काम झालं की त्याच मातीनं बुजवायचा. वीतभर म्हणा हवं तर. त्याहून उथळ केला तर जनावर उकरतं. त्याहून खूप खोल केला तर कुजवणारे जीव तिथे कमी असतात. कुंडीत ओला कचरा पुरणाऱ्यांना हे लगेच कळेल. वरच्या काळ्या मातीत साली भराभर गायब होतात, तळाच्या मातीत तशाच राहतात. इथली माती थंड, त्यामुळे सगळंच सावकाश. ओले वाइप्स आणि सॅनिटरी पॅड कुजत नाहीत. ते घट्ट पिशवीत घालून परत आणायचे. मी एक गडद रंगाची झिपची पिशवी खास त्यासाठी ठेवते. पहिल्या खेपेला अवघड वाटतं, दुसऱ्या खेपेला सवय होते.

शेकोटी नाही तर जंगलात जायचंच कशाला?

हा आक्षेप मला समजतो. शेकोटीभोवती बसून गाणी म्हणणं हाच अनेकांच्या मनातला मुक्काम आहे. अनेक भागांत शेकोटी चालतेही, पण पडलेल्या, वाळलेल्या लाकडाचीच. उभं झाड वठलेलं असलं तरी तोडायचं नाही; त्याच्या ढोलीत कुणी ना कुणी राहतं. हाय पीक्सच्या पूर्व भागात, जिथे सर्वांत जास्त गर्दी असते, तिथे मात्र शेकोटीला पूर्ण बंदी आहे. तिथे स्वयंपाक छोट्या गॅसच्या शेगडीवर.

यामागची भीती काल्पनिक नाही. १९०३ आणि १९०८ साली या डोंगरांत भयंकर वणवे पेटले. लाकूडतोडीनंतर पडलेला पाला-फांद्यांचा ढीग आणि आगगाडीच्या इंजिनांतून उडणाऱ्या ठिणग्या, यांनी डोंगरच्या डोंगर मातीसकट जळाले. मातीसकट हा शब्द जपून वापरते आहे. इथे जमीन म्हणून आपण ज्यावर उभे असतो तो बऱ्याच ठिकाणी खडकावर साचलेला सूचीपर्णी पाल्याचा आणि मुळांचा थर असतो. तो स्वतःच जळतो. गोवरीचा विस्तव वरून राख दिसते आणि आत धुमसत राहतो, तसा तो थर जमिनीखाली दिवसेंदिवस धुमसू शकतो आणि दहा फुटांवर वर येऊ शकतो. म्हणून विझवताना पाणी ओतायचं, काठीनं ढवळायचं, पुन्हा ओतायचं, आणि शेवटी हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन बघायचं. ऊब लागली तर विझलेली नाही.

आणि लाकूड न्यूजर्सीहून डिकीत भरून आणायचं नाही. प्रक्रिया न केलेलं जळण ५० मैलांपलीकडून आणायला न्यूयॉर्कमध्ये बंदी आहे. एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाचा एक हिरवा चकाकता भुंगा आशियातून अमेरिकेत पोचला. २००२ साली मिशिगनमध्ये तो पहिल्यांदा ओळखला गेला, आणि तेव्हापासून त्याच्या अळ्यांनी अ‍ॅश जातीची कोट्यवधी झाडं मारली. भुंगा स्वतः फार लांब उडत नाही. लांबचा प्रवास त्याला माणसं घडवतात, जळणाच्या सालीखाली बसवून.

अस्वलाचं काय?

आहेत. काळी अस्वलं. आपल्या मेळघाट-चंद्रपूरकडच्या अस्वलाशी त्यांची बरोबरी करू नका. ते दचकलं की अंगावर येतं. इथलं काळं अस्वल सहसा माणसाला टाळतं. त्याला माणसात रस नाही, माणसाच्या शिध्यात आहे, आणि त्याचं नाक विलक्षण तीक्ष्ण असतं.

म्हणून हाय पीक्सच्या पूर्व भागात एप्रिल ते नोव्हेंबर रात्रीच्या मुक्कामाला अस्वलडबा सक्तीचा आहे. छोट्या बादलीएवढा जाड प्लास्टिकचा डबा, पंजा बसणार नाही इतका गुळगुळीत, झाकण अस्वलाला उघडता येणार नाही असं. इतर भागांतही तो नेणंच शहाणपणाचं. यात फक्त जेवण नाही, वास असलेलं सगळं ठेवायचं : टूथपेस्ट, साबण, बाम, कचरा, लहान मुलाच्या खिशातली गोळीसुद्धा. रात्री तो तंबूपासून लांब जमिनीवर ठेवायचा. झाडाला बांधायचा नाही. दोरी असली की अस्वलाला तो ओढून न्यायला मूठच मिळते.

डबा भरणं ही एक कलाच आहे. भडंग आणि चकल्या जागा खातात. गुळपापडीच्या वड्या, मेतकूट, उपम्याचं भाजलेलं पीठ, शेंगदाण्याची चटणी, असं दडपून बसणारं न्यायचं. तळाला शेवटच्या दिवसाचं जेवण, वर पहिल्या रात्रीचं. लोणच्याची पुडी दोन पिशव्यांत, नाहीतर टूथपेस्टपर्यंत सगळ्याला तेल लागतं.

डब्याची सक्ती कशासाठी ते यलो-यलोच्या गोष्टीतून कळतं. कानांना दोन पिवळे बिल्ले लावलेली ही एक मादी अस्वल होती. शरीरानं लहान, स्वभावानं बुजरी. हाय पीक्समध्ये फिरता-फिरता तिनं एका प्रकारच्या डब्याचं झाकण दातांनी कळ दाबून उघडायचं शिकून घेतलं. डबा बनवणाऱ्यांनी रचना बदलली, कुलपाची पायरी वाढवली. तिनं तीही शिकून घेतली. माणसांच्या अन्नाची चटक लागलेली इतर अस्वलं धीट होतात, मग धोकादायक ठरवली जातात आणि मारली जातात. यलो-यलोनं कुणाला इजा केली नाही. २०१२ साली शिकारीच्या हंगामात ती मारली गेली. एवढ्या हुशार जनावराच्या सगळ्या हुशारीला आपण आपल्या शिध्याच्या नादी लावलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

थंडी खालून येते

अस्वलाची भीती सगळ्यांना असते, थंडीची कुणालाच नसते. खरं तर उलट हवं.

सप्टेंबरच्या अखेरीस मी मार्सी डॅमजवळच्या एका लीन-टूमध्ये झोपले होते. पारा दोन-तीन अंशांवर उतरला होता. स्लीपिंग बॅग चांगली, जाड, पिसांची होती. खाली मात्र योगासनाची पातळ चटई अंथरली होती, वाटलं होतं पुरेल. रात्री एकच्या सुमाराला जाग आली ती पाठ आणि खुब्याचं हाड बधिर झाल्यामुळे. छातीवर घाम, पाठीला बर्फ. कूस बदलली की दुसरी बाजू गार. शेवटी पिशवीतले सगळे कपडे, रेनकोट, रिकामी पिशवीसुद्धा अंगाखाली घातली तेव्हा कुठे डोळा लागला.

असं का होतं? पिसं ऊब देत नाहीत. पिसांच्या मधे अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. अंगाखालची पिसं आपल्याच वजनानं दबतात, हवा निघून जाते, आणि उरतं नुसतं कापड. त्यातून जमीन आपली उष्णता शोषत राहते. हिवाळ्यात शहाबादी फरशीवर नुसतं पांघरूण घेऊन झोपून पाहा, लगेच कळेल. आपल्या आज्या पांघरायला एक गोधडी घ्यायच्या आणि खाली दोन अंथरायच्या, त्याचं कारण हेच. इथे झोपायच्या मॅटवर आर-व्हॅल्यू म्हणून एक आकडा छापलेला असतो. तो जितका मोठा तितकी ती जमिनीला तुमची उष्णता कमी देते. बॅगवर पैसे खर्च करण्याआधी तो आकडा बघा.

दुसरी गोष्ट सुती कपड्यांची. मुंबई-पुण्यात सुती म्हणजे उत्तम. इथे भिजलेला सुती टीशर्ट जीवावर बेतू शकतो. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगानं उष्णता ओढून नेतं, आणि सुती कापड पाणी सोडत नाही. शरीराचं तापमान खाली जाऊन माणूस बरळायला लागतो, हात ऐकत नाहीत. हे व्हायला गोठवणारी थंडी लागत नाही, दहा अंशांवर पाऊस आणि वारा पुरतो. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे घ्या, आणि झोपायचा एक कोरडा जोड काहीही झालं तरी भिजू देऊ नका.

माथ्यावर का झोपू देत नाहीत?

हरिश्चंद्रगडावर पहाट बघितलेल्यांना हा नियम सगळ्यांत जास्त टोचतो. अ‍ॅडिरॉन्डॅकमध्ये, निदान हिवाळा सोडून, चार हजार फुटांच्या वर तंबू लावता येत नाही. कॅट्सकिलमध्ये ही रेघ साडेतीन हजारांवर आहे.

कासचं पठार आठवा. कातळावर बोटभर माती, तिच्यात तरारलेली फुलं, आणि त्यावर पडलेलं एक-एक पाऊल. मार्सीच्या माथ्यावर तसंच आहे, फक्त हंगाम आणखी तोकडा. हिमयुग सरल्यावर मागे राहिलेल्या या वनस्पती राज्यात इतक्या उंचीच्या मोजक्या माथ्यांवरच तगून आहेत. त्या दिसायला वाळक्या गवतासारख्या. थकलेला माणूस नेमका त्यांच्यावरच बैठक मारतो. वर शिखरावर समिट स्टुअर्ड नावाची माणसं उभी असतात. त्यांचं काम एवढंच की आलेल्याला प्रेमानं सांगायचं, खडकावर बसा. पहाटेचा सूर्योदय हवा असेल तर खाली मुक्काम करा आणि अंधारात बॅटरी लावून चढा. थोडे कष्ट आहेत, पण जमतं.

लहान मुलं आहेत, शिवाय आई-बाबा आले आहेत

सहा महिन्यांसाठी भारतातून आलेल्या आई-वडिलांना पाठीवर पंधरा किलो देऊन हाय पीक्समध्ये न्यायची काही गरज नाही. बिनसोयीचा मुक्काम म्हणजे लांबची चढण असं समीकरण नाही. मूस रिव्हर प्लेन्स नावाच्या भागात कच्च्या रस्त्याच्या कडेनं अशा कितीतरी आखीव जागा आहेत. गाडी जवळ लावता येते, आईला खुर्ची देता येते, आणि तरीही रात्री चांदण्यांखेरीज उजेड नसतो. बाबांची औषधं गाडीत, इन्सुलिन असेल तर थंडीत गोठणार नाही असं अंगाजवळ.

मेमोरियल डेचा बेत मात्र मी मोडायला सांगेन. मेच्या मध्यापासून जूनच्या शेवटापर्यंत इथे काळ्या माशा असतात. डास परवडले. कानामागे, केसांच्या रेषेवर रक्त काढतात, आणि मुलं पहिल्याच संध्याकाळी घरी चला म्हणतात. ऑगस्टचा उत्तरार्ध आणि सप्टेंबर हा खरा काळ. गोचीड मात्र तेव्हाही असते. लाइम हा तिच्यापासून होणारा आजार. कनेक्टिकटमधल्या लाइम गावावरून त्याचं नाव पडलं. पायमोजे पॅन्टवर चढवायचे, आणि रोज रात्री काखा, गुडघ्यामागची लवण, कानामागची जागा, मुलांचे केस, सगळं नीट तपासायचं. खसखशीच्या दाण्याएवढी असते, बोटांनी चाचपून बघावी लागते.

हेच आपल्या सह्याद्रीत चालेल का?

सवयी सगळ्या चालतील, हक्क नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथे प्रवेशालाच वनखात्याची परवानगी लागते. "न्यूयॉर्कमध्ये चालतं" म्हणून कोकणकड्यावर तंबू लावून भागणार नाही, तिथल्या वनखात्याला आणि गावकऱ्यांना विचारूनच राहायचं. अमेरिकेतही राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. वर लिहिलं ते न्यूयॉर्कचं. पेनसिल्व्हेनियाला जाताना तिथल्या वनविभागाचे वाचा.

निघताना एक वही लागेल

पायवाट सुरू होते तिथे खांबावर एक लाकडी पेटी असते. झाकण वर उचललं की आत वही आणि दोरीनं बांधलेली पेन्सिल. नाव, गटात किती जण, कुठे चाललात, किती रात्री, परत कधी. ही वही म्हणजे या जंगलातली तुमची एकमेव नोंद. काही बरंवाईट झालं तर रेंजर याच पानावरून ठरवतात की कुठल्या वाटेनं शोध सुरू करायचा. त्यामुळे वाटेत बेत बदलला तर पुढच्या पेटीतही लिहायचं, आणि घरी एकाला कागदावर लिहून द्यायचं : या वेळेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं.

परतताना पाय दुखत असतात, गाडी समोर दिसत असते आणि मुलांना आइस्क्रीम हवं असतं, तेव्हा लोक ती पेटी ओलांडून जातात. थांबा. झाकण उचला, आपली ओळ शोधा आणि तिच्यापुढे बाहेर आल्याची खूण करा. ती ओळ रिकामी राहिली तर रात्री कुणीतरी बॅटरी घेऊन तुम्हाला शोधायला आत जाऊ शकतं.